शून्याची नोंद : मुंबई उपनगरांतील पर्जन्यनिरीक्षण आणि स्वयंसेवक निरीक्षकाचे शिक्षण

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारात पर्जन्य मोजण्याचे भांडे ठेवावे असा निर्देश आहे, आणि निरनिराळ्या देशांत किती द्रोण पाऊस पडतो याचे आकडेही दिलेले आहेत. अश्मक देशात १३.५ द्रोण, अवंती देशात २३ द्रोण असे ते आकडे. अपरान्ताच्या, म्हणजे कोकणपट्टीच्या, नावापुढे मात्र आकडा येत नाही. तेथे पाऊस ‘अमित’ आहे एवढेच सांगितले आहे. हा शब्द वरकरणी वर्णनाचा वाटला तरी एका अर्थी तो हिशेबातील रिकामी जागा आहे. जेथे सर्वांत अधिक पाऊस पडतो तेथेच मोजमाप थांबते.

साष्टी बेट अपरान्ताच्या मध्यावर येते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही आजची दाट वस्तीची उपनगरे या बेटावर वसलेली आहेत. तेथील ‘अमित’ पाऊस कोणी मोजला, ज्याने मोजला त्याला मोजण्याचे शिक्षण कोणी दिले, आणि वादळाची वा अतिवृष्टीची वर्दी देण्याचे काम सामान्य नागरिकाकडे कितपत सोपविले गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. हवामानाच्या इतिहासात मोठ्या वादळांची व महापुरांची वर्णने विपुल सापडतात. परंतु त्या वर्णनांचा खरेखोटेपणा ठरविणारा पुरावा बहुधा अगदी निराळ्या जागी असतो. ज्या दिवशी काहीही घडले नाही त्या दिवशीही कोणी तरी नोंदवहीत शून्य लिहिलेले असते. निरीक्षकाच्या शिक्षणाचा गाभा म्हणजे हे शून्य लिहिण्याची सवय, आणि उपनगरांच्या बाबतीत हाच गाभा दुर्लक्षित राहिला, असे उपलब्ध इतिहासावरून म्हणावे लागते.

मुंबईत शिस्तबद्ध निरीक्षणाचा प्रारंभ कुलाब्यास झाला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तेथे वेधशाळा स्थापिली ती मुख्यतः खगोलवेध व कालमापन यांसाठी. हवामानाची व भूचुंबकत्वाची नियमित निरीक्षणे १८४१ पासून होऊ लागली. या कार्यात आरंभापासूनच मराठी विद्वानांचा हात होता ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ या वेधशाळेची सूत्रे होती. पुढे गणिताचे अध्यापक म्हणून ख्याती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी येथेच ऑर्लेबार यांच्या हाताखाली निरीक्षकाचे काम केले. दिवसरात्र, तासातासाला, वायुभारमापक आणि तापमापक पाहून आकडे उतरविणे हे कंटाळवाणे काम होय. छत्रे यांना पुढील आयुष्यात सूर्यावरील डाग आणि पर्जन्यमान यांच्या संबंधाविषयी जे कुतूहल वाटत राहिले, त्याचे बीज या कंटाळवाण्या कामात असावे असा तर्क करण्यास हरकत नाही.

त्याच काळात मुंबईत निरीक्षणाची दुसरीही एक परंपरा सुरू झाली होती. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट यांच्याकडेही काही काळ कुलाब्याच्या वेधशाळेचे काम होते. बुइस्ट यांनी हिंदुस्थानातील गारांच्या मोठ्या वादळांची यादी तयार केली व मार्च १८५१ ते मे १८५५ या कालावधीतील वादळांविषयीचे त्यांचे टिपण ब्रिटिश असोसिएशनच्या १८५५ च्या वृत्तांतात प्रसिद्ध झाले. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या रोजनिशा जमवून वादळांचे मार्ग आखीत होते. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच १८४८ च्या ग्रंथात रूढ केला. दोघांचीही पद्धत एकच. स्वतः प्रत्येक ठिकाणी हजर राहणे अशक्य असल्याने दूरच्या माणसांकडून वर्दी मागवावयाची, त्या वर्द्या एकमेकींशी ताडून पाहावयाच्या आणि त्यांतून घटनेचे चित्र उभे करावयाचे. हे वर्दी देणारे लोक वेतनासाठी हे काम करीत नव्हते. आजच्या भाषेत त्यांना स्वयंसेवक निरीक्षक म्हणता येईल.

या पद्धतीचा दोषही बुइस्ट यांच्या यादीत स्पष्ट दिसतो. लिंबाएवढ्या किंवा सुपारीएवढ्या गारा पडल्या की माणूस पत्र लिहितो. गारा पडल्या नाहीत असे कळविणारे पत्र कोणी लिहीत नाही. शिवाय पत्र लिहिणारा साहेब अथवा सुशिक्षित गृहस्थ जेथे राहतो तेथल्याच गारा यादीत येतात. अशी यादी पुष्कळ अंशी पत्रलेखकांच्या निवासस्थानांचाच नकाशा असते. पत्रलेखक आणि वेधशाळेतील निरीक्षक यांच्यातील खरा भेद येथे आहे. पहिला असाधारण गोष्टीची वर्दी देतो. दुसरा साधारण गोष्टीची नोंद ठेवतो, म्हणून असाधारण गोष्ट खरोखर असाधारण होती काय हे ठरविता येते.

मुंबईच्या इतिहासातच याचे एक बोलके उदाहरण आहे. १ नोव्हेंबर १८५४ च्या रात्री मुंबईवर चक्रीवादळ आले. सुमारे १,००० माणसे प्राणांस मुकली आणि ५ लक्ष पौंडांची मालमत्ता काही तासांत नष्ट झाली, असे शहराच्या जुन्या वर्णनांत नमूद आहे. या घटनेविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु वादळांच्या जागतिक याद्यांत मुंबईच्या नावावर याहूनही भयंकर असे दुसरे एक वादळ अनेक वर्षे नोंदलेले होते. ६ जून १८८२ रोजी झालेल्या या वादळात १,००,००० माणसे मेली असे ते सांगणे. १८८१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. म्हणजे दर आठ माणसांतील एक गेला असा याचा अर्थ होतो. एवढा संहार झाला असता तर नगरपालिकेच्या कागदपत्रांत, वृत्तपत्रांत, मृत्यूंच्या नोंदीत आणि लोकांच्या बोलण्यात त्याचा ठसा उमटल्यावाचून राहिला नसता. प्रत्यक्षात असा ठसा कोठेही नाही. अमिताव घोष यांच्या २०१६ च्या ग्रंथामुळे आणि त्यांच्या प्रश्नांवरून वातावरणशास्त्रज्ञ अॅडम सोबेल यांनी केलेल्या तपासामुळे हे वादळ मुळी झालेच नाही ही गोष्ट सर्वांपुढे आली.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखा आहे. एखादी घटना घडली हे सिद्ध करणे सोपे, घडली नाही हे सिद्ध करणे कठीण, असे इतिहासाच्या प्रत्येक अध्यापकाने सांगितलेले असते. १८८२ च्या वादळाचे खंडन शक्य झाले, कारण त्या जूनमध्येही कुलाब्याच्या नोंदवहीची पाने नेहमीप्रमाणे भरली जात होती आणि वृत्तपत्रेही नेहमीप्रमाणे निघत होती. मृग नक्षत्राच्या आरंभीच्या एका सामान्य दिवसाची ती सामान्य नोंद १३० वर्षांहून अधिक काळानंतर पुरावा म्हणून उभी राहिली. लिहिणाऱ्याला त्या वेळी आपण काही महत्त्वाचे लिहीत आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते.

कुलाब्याच्या या दक्षतेचा लाभ साष्टीला मात्र फार काळ मिळाला नाही. बेटाचा हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा करण्यात आला. ग्रामीण भागात पावसाची नोंद म्हणजे महसूलखात्याचे काम. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक, तो पाहणारा कारकून, आणि इंच व सेंट यांत भरलेला तक्ता, अशी ती रचना होती. हिंदुस्थानचे हवामानखाते १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या नेतृत्वाखाली निघाले तेव्हा देशभरच्या पर्जन्यमानाचा हिशेब याच कचेऱ्यांच्या आधारावर मांडला गेला. कारकुनाला सारा, पीकपाणी आणि आणेवारी यांच्याशी कर्तव्य होते. पावसाचा आकडा त्याच्या दृष्टीने महसुलाच्या हिशेबातील एक रकाना होता. तरीही या रकान्याचे मोल मोठे आहे, कारण तो रोज भरावा लागे.

पर्जन्यमापक ही वस्तू दिसण्यात अगदी साधी असते. सायमन्सच्या पद्धतीचा मापक म्हणजे ५ इंच व्यासाचे नरसाळे, त्याखाली बाटली आणि सोबत खुणा केलेली काचेची मोजपट्टी. नरसाळ्याची कड जमिनीपासून सुमारे १ फूट उंच हवी. जवळचे झाड वा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुपटीइतकी दूर हवी. गच्चीवर मापक ठेवल्यास वाऱ्याच्या झोताने थेंब बाहेर उडतात व पाऊस कमी भरतो. काचेतील पाण्याचा पृष्ठभाग कडांशी वर चढलेला असतो, म्हणून वाचन त्याच्या खोलगट मध्यावर डोळा समपातळीत आणून करावयाचे. अतिवृष्टीत बाटली भरून वाहण्यापूर्वीच मोजून, आकडा लिहून, पुन्हा मांडावी लागते. या सर्व गोष्टी कोणाही शहाण्या माणसाला अर्ध्या दिवसात शिकविता येतात. वर्षानुवर्षे त्या न चुकता करावयास लावणे मात्र अवघड आहे, आणि येथेच शिक्षणाची कसोटी लागते.

आणखी एक नियम आहे, व तो ठाऊक नसल्याने अभ्यासकांचीही फसगत होते. खात्याच्या रीतीप्रमाणे पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजला जातो आणि मागील २४ तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या तारखेखाली लिहिला जातो. म्हणून ज्या पावसाला सारी मुंबई २६ जुलैचा पाऊस म्हणून ओळखते, तो अधिकृत तक्त्यांत २७ जुलै २००५ या तारखेपुढे आढळतो. लोकस्मृती आणि नोंदवही यांत एका दिवसाचे अंतर पडते. जो विद्यार्थी केवळ २६ तारखेचा रकाना पाहील त्याला त्या वर्षीचा प्रलय सापडणारच नाही.

नगररचनेच्या दृष्टीने साष्टीचे रूप विसाव्या शतकाच्या मध्यास पालटले. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत आले. १९५७ मध्ये हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढून बोरिवली व मुलुंडही आत घेतले गेले. शेती, मिठागरे, वाड्या आणि कोळीवाडे यांच्या जागी चाळी, कारखाने, सहकारी गृहसंस्था आणि झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या. पावसाची नोंद हे शेतीशी जोडलेले काम होते. शेती गेली तसे पावसाच्या आकड्याविषयीचे स्थानिक अगत्यही गेले. ‘ओल किती वीत गेली’ हे विचारणारा माणूस उरला नाही. पंचांगातील नक्षत्र आणि त्याचे वाहन घराघरांत वाचले जात राहिले, परंतु ते भाकीत होय, नोंद नव्हे.

हवामानखात्याच्या दृष्टीने मुंबईची दोनच ठिकाणे प्रमुख राहिली. दक्षिणेस कुलाबा आणि उपनगरात विमानतळालगतचे सांताक्रुझ. याशिवाय १८६० मध्ये पुऱ्या झालेल्या विहार आणि १८७९ मधील तुळशी या तलावांवर पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने पाऊस मोजला जाई. बेटाच्या मध्यभागी डोंगराची रांग आहे. पश्चिमेकडे दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या बोरिवली व अंधेरीच्या बाजूस उतरतात. विहार-पवईच्या बाजूने मिठी नदी माहीमकडे जाते. पूर्वेकडील मुलुंड, भांडुप, घाटकोपरचे पाणी ठाण्याच्या खाडीकडे वळते. अशा भूमीवर पाऊस सारखा पडत नाही. ५ जुलै १९७४ रोजी कुलाब्यास २४ तासांत ५७५.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दक्षिण मुंबईचा दिवस होता. ३१ वर्षांनी उपनगरांची पाळी आली.

२६ जुलै २००५ च्या दुपारी सांताक्रुझ येथे एका तासात १९० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला. पर्जन्यजल वाहून नेणारी शहराची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाचा अंदाज धरून बांधलेली होती. त्या दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. २४ तासांचा आकडा सांताक्रुझला ९४४.२ मिलिमीटर भरला, विहारला तो १,००० मिलिमीटरच्याही पुढे गेला, आणि सुमारे २५ किलोमीटरवरील कुलाब्यास त्याच काळात फक्त ७३.४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला, कलिना, साकीनाका, अंधेरी या भागांत पाणी पहिल्या मजल्याकडे चढत असता फोर्टमधील कार्यालये नेहमीच्या वेळी सुटत होती व लक्षावधी लोक लोकलने वा बसने उपनगरांकडे निघत होते. मुंबईत त्या पुरात चारशेहून अधिक माणसे दगावली. साकीनाक्याजवळ दरड कोसळून एकाच ठिकाणी सत्तरांहून अधिक जीव गेले.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या पुराची कारणे सविस्तर तपासली. मिठीच्या पात्रावरील अतिक्रमणे, नाल्यांची अवस्था, भरावाची कामे यांविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे प्रस्तुत आहे तो मुद्दा निराळा. दुपारी ३ वाजता सांताक्रुझच्या मापकात किती पाऊस साठला आहे हे शहराचा कारभार हाकणाऱ्यांस त्या क्षणी कळण्याची सोय नव्हती. आकडा अस्तित्वात होता, पण तो दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यात भरण्यासाठी. जी माणसे स्वतःच्या डोळ्यांनी पाणी चढताना पाहत होती, त्यांची संख्या लाखांत मोजावी लागेल. त्यांपैकी कोणाचेही पाहणे निरीक्षण म्हणून गणले जाण्याची व्यवस्था नव्हती. विटाव्याच्या, कुर्ल्याच्या वा मरोळच्या रहिवाशाने दूरध्वनी केला असता तरी ती तक्रार ठरली असती, वर्दी ठरली नसती.

याच प्रश्नाला इतर देशांत कसे तोंड दिले गेले हे थोडक्यात पाहणे योग्य होईल. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी स्मिथसोनियन संस्थेतर्फे १८४९ पासून स्वयंसेवक निरीक्षकांचे जाळे विणले. इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० पासून पाद्री, डॉक्टर, माळी, जमीनदार अशा सर्व थरांतील लोकांकडून पावसाचे आकडे जमविले. आपल्या तालुका कचेऱ्यांतील मापकाला ज्यांचे नाव आहे ते हेच सायमन्स. मापक आला, पण त्यामागील स्वयंसेवकांची संघटना मात्र आपल्याकडे आली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील दारूगोळ्याच्या कारखान्यांना विजेपासून व वावटळीपासून धोका होता म्हणून भोवताली पाहारेकरी नेमले गेले. युद्धोत्तर काळात तीच पद्धत नागरिकांच्या प्रशिक्षणात उतरली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘स्कायवॉर्न’ या नावाने तिला राष्ट्रीय स्वरूप आले.

मुंबईशी अधिक जवळचे साम्य कोलोराडोतील फोर्ट कॉलिन्स या गावाच्या अनुभवात आहे. २८ जुलै १९९७ रोजी गावाच्या नैऋत्य भागात १४ इंचांहून अधिक पाऊस झाला, काही मैल पूर्वेला तो २ इंचांच्याही आत होता, आणि पुरात ५ माणसे गेली. पूर ओसरल्यावर तेथील विद्यापीठाच्या हवामानकेंद्राने लोकांना आवाहन करून अंगणातील बादल्या, पिंपे, डबे यांत साठलेल्या पाण्याची मापे मागविली व त्यावरून पावसाचा नकाशा तयार केला. पुढल्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्यातून ‘कोकोराझ’ नावाचे स्वयंसेवकांचे जाळे निघाले. घरोघरी एकाच जातीचा साधा पर्जन्यमापक, थोडे शिक्षण, आणि रोज सकाळी एक आकडा. या शिक्षणात एका गोष्टीवर आग्रहाने भर दिला जातो. पाऊस पडला नाही तर गप्प बसावयाचे नाही, शून्य कळवावयाचे. रकाना कोरा असेल तर पाऊस पडला नाही, निरीक्षक गावाला गेला, की तो विसरला, यांतील काहीच समजत नाही.

तीव्र हवामानाची वर्दी देणाऱ्या स्वयंसेवकाला काय शिकवावे लागते, याचा विचार अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यापुरता करून पाहिला असता विषय अधिक स्पष्ट होतो. पहिली गोष्ट म्हणजे पाहिलेले आणि ऐकलेले यांत भेद करणे. ‘पलीकडे कमरेइतके पाणी आहे म्हणतात’ हे वाक्य वर्दीत येता कामा नये. दुसरी गोष्ट ठिकाण व वेळ. ‘सबवेत पाणी भरले’ एवढ्याने भागत नाही, कोणत्या सबवेत, किती वाजता, आणि चढते की उतरते, हे हवे. तिसरी गोष्ट माप. घोटाभर, गुडघाभर, कमरेइतके ही लोकांची मापे त्याज्य नाहीत. माणसागणिक त्यांत फरक पडतो, परंतु दुचाकीच्या चाकाचा आस, दुकानाची पायरी, फलाटाची कड यांच्याशी ती जोडली तर त्यांना निश्चितपणा येतो. खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस समजला जातो. स्वयंसेवकाने हे आकडे पाठ केले तरी चालेल, पण डोळ्यांनी पाहून ‘अत्यंत जोरदार’ असे लिहू नये. त्याने मोजलेले लिहावे किंवा दिसलेले लिहावे. वर्गवारी करणे हे दुसऱ्याचे काम आहे. चौथी गोष्ट स्वतःची सुरक्षितता, कारण पाण्यात उतरून खोली पाहणारा निरीक्षक लवकरच बचावकार्याचा विषय होतो. आणि शेवटी ते शून्य. गल्ली कोरडी असली तरी ‘कोरडी’ असे ठरल्या वेळी कळविणे, हे मन घेण्यासारखे काम नाही व म्हणूनच ते शिकवावे लागते.

मुंबईत स्वयंसेवकांची उणीव कधीच नव्हती. गृहरक्षक दलाची स्थापनाच मुंबईत डिसेंबर १९४६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने झाली. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ मध्ये झाला आणि २००९ च्या दुरुस्तीने नैसर्गिक आपत्तींचाही त्यात समावेश झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना हाती घेतली. देशातील निवडक पूरप्रवण जिल्ह्यांत दर जिल्ह्यास २०० प्रमाणे सामान्य स्त्रीपुरुषांना १२ दिवसांचे शिक्षण, असे तिचे मूळ रूप होते. पुढे ती ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढविण्यात आली व मुंबई महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागानेही तिच्याखाली स्वयंसेवक तयार केले. या सर्व शिक्षणाचा रोख मात्र शोध, सुटका, प्रथमोपचार आणि गर्दीचे नियमन यांवर आहे. बुडणाऱ्याला दोराने ओढून घेणे शिकविले जाते. पाणी कोठे, किती वेगाने चढते आहे हे रोज पाहून लिहिणे शिकविले जात नाही. पहिल्या कामाची निकड कोणीही नाकारणार नाही. परंतु ते घटना घडल्यानंतरचे काम आहे, आणि वर्षातून दोनचार दिवसच करावयाचे आहे. निरीक्षण ३६५ दिवसांचे असते, आणि त्यात शौर्याला वाव नसतो. स्वयंसेवेची आपली कल्पना शौर्याशी फार घट्ट बांधली गेली आहे, हे याचे एक कारण असू शकेल.

वेसावे, मढ, गोराई येथील कोळी समाजाची गोष्ट थोडी वेगळी. वाऱ्याचा पालट, लाटांची चाल, क्षितिजावरच्या ढगांचा रंग यांचे निरीक्षण हा तांडेलाच्या व्यवसायाचाच भाग होय. वादळाची सूचना बंदरावरील खुणांनी देण्याची पद्धत जुनी आहे, आणि ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात समजते. पण येथेही सूचना वरून खाली येते. खात्याने बावटा लावावयाचा आणि कोळ्याने होडी ओढून घ्यावयाची. खोल समुद्रातून परतलेल्या तांडेलाने काय पाहिले हे विचारून नोंदविण्याचा प्रघात पिडिंग्टन यांच्या काळी जहाजांच्या बाबतीत होता. होड्यांच्या बाबतीत तो पडला नाही.

२००५ नंतर महापालिकेने स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर बसविलेली ही यंत्रे दर १५ मिनिटांनी आकडा पाठवितात आणि त्यांची संख्या पुढे साठच्या घरात गेली. कुलाब्याच्या रडारच्या जोडीस २०२२ मध्ये अंधेरीच्या वेरावली टेकडीवर दुसरे रडार आले. २०२० मध्ये शहरासाठी पूरसूचनेची स्वतंत्र प्रणाली सुरू झाली. ही प्रगती खरी आहे. २ जुलै २०१९ रोजी सांताक्रुझला ३७५.२ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत कोठे किती पडतो आहे हे पाऊस पडत असतानाच दिसत होते. त्याच रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळून वीसहून अधिक माणसे मेली. भिंतीमागे साठणारे पाणी कोणत्याही मापकाच्या नरसाळ्यात पडत नाही. ते पाहण्यास भिंतीजवळचाच माणूस लागतो, आणि त्याचे म्हणणे ऐकणारे ठिकाण लागते.

घाटकोपरच्या छेडानगरजवळ १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात १२० फूट लांबरुंद असा जाहिरातफलक पेट्रोल पंपावर पडून १७ जण मृत्युमुखी पडले. फलकाचा आकार आणि परवानगी हा निराळा, न्यायालयीन विषय आहे. हवामानाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगे हे, की वळवाचे ढग बहुधा पूर्वेकडून, सह्याद्रीच्या अंगाने येतात. बदलापूर, डोंबिवली, मुलुंड येथील आकाश काळवंडते आणि धूळ उठते, त्यानंतर ती घाटकोपर व अंधेरीला पोचते. मधला अवधी थोडा असला तरी पेट्रोल पंपावरील माणसांनी आडोशाची जागा बदलण्यास पुरेसा असतो. मुलुंडच्या गच्चीवरील प्रशिक्षित डोळ्याचे मूल्य या अवधीतच आहे.

पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने २०२४ मध्ये मुंबईच्या पुरासाठी प्रायोगिक प्रणाली खुली केली, तीत नागरिकांनी कळविलेल्या पाण्याच्या पातळीस स्थान आहे. हवामानखात्यानेही आपल्या संकेतस्थळावर नागरिकांची निरीक्षणे स्वीकारण्यास प्रारंभ केला आहे. बुइस्ट यांच्या पत्रलेखकांना सुमारे पावणेदोनशे वर्षांनी दूरध्वनी हाती आला, असे याचे वर्णन करता येईल. आणि बुइस्ट यांची अडचणही सोबत आली आहे. ज्या रस्त्यावर पाणी भरते तेथून वर्दी येते, छायाचित्र येते. ज्या गल्लीत पाणी भरले नाही तेथून कोणी काही कळवीत नाही. ज्या वस्तीतील लोकांना वर्दी देण्याचे साधन वा सवय नाही, तेथूनही काही येत नाही. नकाशावर दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या दिसतात. पोईसर नदीकाठची कोरडी राहिलेली गल्ली आणि रात्री छातीइतक्या पाण्यात उभी असलेली झोपडपट्टी यांत फरक करण्यासाठी पहिल्या ठिकाणाहून कोणी तरी, पाऊस असो वा नसो, सकाळी ८.३० वाजता शून्य लिहून पाठवावे लागेल.